बशीतला दर्या

अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली, त्या पावसाळ्यात मी शाळेतून रजा काढून नळदुर्गला माहेरी राहिले होते. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला. घरी आले की वाटेवरच्या गोष्टी सांगता सांगता त्यांच्या ताटातलं गार होऊन जायचं. आता ते खिडकीजवळच्या पलंगावर पडून नुसते बाहेर बघायचे. उजवा हात उचलला जात नव्हता. डाव्या हातानं चादरीची किनार चाचपत राहायचे.

सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, बोलणं येईल, पण वेळ लागेल.

वेळेवर भरवसा ठेवून बसणं अम्मीला जमणारं नव्हतं. तिनं एका बशीत मूठभर खडेमीठ घातलं आणि ती बशी पलंगाखाली सरकवली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नजर लागली हाय कुणाची तरी. मीठ वढून घेतंय. त्याचं पाणी झालं की उतरली म्हणायची."

मी मुलांना विज्ञान शिकवते. या हवेत मिठाचं पाणी असंही होणारच, हे अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या तोंडाकडं बघून मी बशी नीट आत सरकवली.

झड लागली होती. पडणारा पाऊस दिसायचा नाही, नुसती पांढुरकी ओल भरून राहायची. किल्ल्याचा तट तिच्यात बुडून गेला होता. हायवेवरून ट्रक गेल्याचा आवाज यायचा, ट्रक दिसायचा नाही. दोरीवरचे कपडे तसेच दमट लोंबत असायचे.

सकाळी झाडताना मी बशी ओढून बघायची. आधी खडे कोरडे होते, कडा टोकदार. मग त्यांच्यावर ओल धरली; डोळ्याला दिसायची नाही, बोटाला कळायची. मग ते चमकायला लागले, त्यांच्या कडा गोल झाल्या. हवेतली वाफ एका हद्दीपलीकडं वाढली की मीठ ती ओढून घेतं आणि त्याच पाण्यात विरघळत जातं. वर्गात हे फळ्यावर दोन ओळींत संपतं. इथं बशीपाशी उकिडवं बसलं की किती वेळ गेला ते कळायचं नाही. सगळी खोलीच पाण्यानं भरलेली वाटायची. आम्हा तिघांच्या श्वासातलं पाणीसुद्धा त्या बशीत उतरत असेल, असं मनात यायचं. पलंगावरून अब्बाही बघत असायचे.

एका सकाळी बशीत पाणीच होतं, तळाशी चार खडे उरलेले. अब्बांनी डावा हात पुढं केला.

"पाणी देऊ प्यायला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बशीकडं बोट केलं. मी ती वर धरली. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले.

"दर्या," ते म्हणाले.

मी अम्मीला हाक मारली. ती पिठाच्या हातानं धावत आली.

"काय म्हणले?"

"दर्या म्हणाले."

"आणिक एकदा म्हणा की हो!"

ते अर्ध्या ओठानं हसले. अम्मीनं बशी बघितली आणि माझ्याकडं वळली. "उतरली का न्हाय?"

"उतरली," मी म्हणाले, आणि तिला मिठी मारून रडले.

पुढं बरेच दिवस काहीच नाही. मग एकदा 'चा' म्हणाले. मग माझं नाव, अर्धं. थंडी पडेपर्यंत तुटकी वाक्यं यायला लागली होती. तेव्हा सुट्टीला आले असताना मी विचारलं, "दर्या कुठला, अब्बा?"

लग्नाच्या आधी ते गुजरातेत मिठागरांवर ट्रकमध्ये मीठ भरायला जायचे म्हणे. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. एकेक शब्द शोधत ते सांगत होते. "पांढरं... सगळं पांढरं. जमीन कुठं सरली... दर्या कुठं लागला... कळत न्हाय."

"कधी सांगितलं नाही तुम्ही."

"काय सांगू? कायच झालं न्हाय तिथं." ते थांबले, दम घेतला. "नुस्तं बघत बसलो."

अम्मी कधीची दारात येऊन उभी होती. "मग?" ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला टेकली.