आत्याच्या बांधीतलं सारसाचं घरटं

"सारस पाहायला चालले," म्हटल्यावर बाबा म्हणाले, "बी.ए. केलं ते पाखरं मोजायले का वं?" आणि मला स्टेशनवर सोडायला सायकल काढली.

अर्जुनी मोरगावहून सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट दोन चहांच्या भावात. खिडकीत सौंदडच्या पुढेही धानच धान. गोंदियाला गरम आलूबोंडे खाऊन मैत्रीण लताच्या स्कूटीवर तिच्या आत्याचं गाव गाठलं, बाघ नदीकाठी. शेवटचा रस्ता खड्ड्यांचा, कंबर सांभाळा.

आत्याच्या बांधीत, म्हणजे बांधांनी घेरलेल्या धानाच्या तुकड्यात, सारसाच्या जोडीनं गवताचा ढीग रचला होता. वर दोन अंडी. लाल मानेचे, जवळपास माझ्याएवढे उंच पक्षी! मी श्वास रोखून लांबच्या बांधावरूनच पाहत राहिले.

पण ऑगस्ट कोरडा गेला होता, धान पिवळा पडत होता. गावचं तळं गाळानं आणि बेशरमच्या झुडपांनी अर्धं भरलेलं, त्यामुळे प्रत्येकाला पाण्याची पाळी एकदाच. आत्याची आज, सूर्य बुडेपर्यंत. बांधी भरली की घरटं बुडणार.

"आत्या, एवढी एक बांधी कोरडी ठेवा ना!"

"अन् खाऊ काय? तुही डिग्री?"

लता फिसकन हसली.

"मग अंडी उचलून वर ठेवू?"

"हात नोको लावू! बस गुमान, पाहून राय."

आत्यानं बांधाला फावडंभरच तोंड पाडलं आणि लांबूनच पाण्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, फेकलं. पाणी हळूहळू चढलं, घरट्याला टेकलं. मला बघवेना. तेवढ्यात मादी उठली. चोचीनं तणस ओढून अंड्यांखाली खुपसू लागली, नरही लागला. तणस संपल्यावर त्यानं धानाची रोपंच उपटली.

"माहे रोप उपटून रायला मेला!" आत्या ओरडली, पण जागची हलली नाही.

सायंकाळी घरटं वीतभर उंच झालं होतं. पाणी इतकं सावकाश सोडलं, की बांधीचा एक कोपरा कोरडाच राहिला. पाळी संपली. आत्यानं चुलीवरची भाकर आणि तळ्यातल्या मासोळीचा रस्सा वाढला.

घरी सगळं सांगितलं, तर बाबांनी पहिलं विचारलं, "त्या कोपऱ्याचा धान?" दुसऱ्यांच्या शेतात पाखरं वाचवायला मी किती सहज निघाले होते!

महिनाभरानं लताचा फोन आला. "दोन्ही पिल्लं निघाली. कोपऱ्याचा धान गेला. आत्या म्हणते, तिथंच फिरून रायलेत, मालकावानी. पाह्यले ये म्हणते."

मी फोन ठेवला. बाबा अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होते.