केळ्यांच्या खोलीतली नवरी

फिलूला थंडी बाधू नये म्हणून मी एवढी धडपड केली, की तिला थंडी सोडून बाकी सगळं बाधलं.

अठ्ठ्याहत्तर सालचा जानेवारी. आमच्या पापडी गावात गारठा असा, की विहिरीचं पाणी उलट कोमट लागायचं. माझ्या धाकट्या बहिणीचं, फिलूचं, लग्न तोंडावर आलेलं आणि आईला एकच घोर!

"पोरीचा घसा बसला तर? वेदीपुढे 'हो' म्हणायचंय! मागच्या बाकावर ऐकू नाही गेलं, तर बायका म्हणतील, पोरीच्या मनातच नव्हतं!"

"आई, तिचा घसा माझ्यावर सोड," मी म्हणालो. (तिथेच कुणीतरी माझ्या तोंडात बोळा कोंबायला हवा होता!)

आमची केळीची वाडी. घरामागे केळी पिकवायची खोली. खिडकी नाही, फटी मातीने लिंपलेल्या, आत छान ऊब. पंगतीसाठी पिकत घातलेले हिरवे घड मी पडवीत काढले आणि त्या खोलीत फिलूला बसवलं.

ऊब म्हटल्यावर आई आली, मावशी आली, करवल्या शिवण घेऊन आल्या. संध्याकाळची प्रार्थनासुद्धा तिथेच! मग चंदनसारहून सायमनमामा आला, नाक पुसत.

"मामा, बरं नाही का?"

"गारठा रे, इनास! दार लाव आधी!"

लावलं. खालच्या फटीत पोतंही कोंबलं आणि स्वतः बाहेर थंडीत राखण करत बसलो.

आधी मावशी शिंकली. मग करवल्या. मग आई. लग्नाच्या सकाळी फिलूच्या घशातून नुसती हवा! ती मुकाट रडायला लागली.

देवळात फादरांनी विचारलं. फिलूने तोंड उघडलं. शब्द नाही. मागची बाकं पुढे झुकली. मला राहवेना. मी ओरडलो, "हो!"

"इनास, तुला नाही विचारलं!" फादर म्हणाले.

फिलूला हसू फुटलं. तिने मान इतक्या जोरात हलवली, की डोक्यावरचा फुलांचा मुकुट नवऱ्याच्या हातात! होकार पार मागच्या बाकापर्यंत पोचला.

पंगतीला आलेल्या गावच्या डॉक्टरांना मी गाठलं. "थंडीच बाधली ना सगळ्यांना?"

"थंडीत तर तू एकटाच होतास, आणि तूच तेवढा धडधाकट! अरे, सगळ्यांना एका खोलीत कोंडलंस आणि त्यात शिंकणारा मामा सोडलास. हिरव्या घडांत एक पिकलं केळं ठेवलं की काय होतं, हे मी तुला शिकवू?"

एवढ्यात आई पडवीतून घोगऱ्या आवाजात ओरडली, "इनास, केळी हिरवीच आहेत रे! आता पंगतीला काय वाढू?"

त्या गारठ्यात दोघंच कच्चे राहिलो. पडवीतली केळी आणि मी!