वहीतलं किडूक

मी सातवी शिकलेली बाई, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची बांधली न्हाई, कुनी बांधली की मीच हासायचे. पन हे माझ्याच लेकराचं हाय म्हनून लिहून राह्यले...

दोन हजार चार साल असंल. आमचं घर कुंभार पिंपळगावात, बाजाराच्या मागं. धाकटे दीर औरंगाबादला इंजिनिअरिंगला, ते दिवाळीच्या सुट्टीत आल्ते. ते अन् त्यांचे दोस्त एक खेळ खेळायचे — टेबलाभोवती बसून फासे टाकायचे, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यायनं त्यातल्या राक्षसासंगं लढायचं. राक्षस भावजीच बनवायचे, वहीत. चित्र, ताकद, त्याला घालवायचं कसं, सगळं बराबर लिहून.

मला म्हनले, "वैनी, अंगाला चिकटून जगनारं काहीतरी पाह्यजे. तुम्हाला कशाची किळस येती?"

"गोचिडाची. पोट फुटस्तोर रक्त पिती अन् म्हशीला खबर बी न्हाई."

"तुम्हालाच न्यावं लागतंय कॉलेजात," म्हनून हासले.

मंग त्यांनी एक किडूक काढलं. कानामागं केसात बसनारं, रक्त न्हाई, मानसाचं रडू पिनारं. ज्याला धरलं त्याला दुखलं तरी रडू येत न्हाई, भूक लागली तरी न्हाई, गपचिप वाळत जातो.

त्याच दुपारपासून माझी पिंकी, दहा महिन्याची, रडायची थांबली.

सासूबाई म्हनल्या, "गुनाची झाली बाई." मला बी दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्याला मुंगळा डसलेला, अन् ती नुसती त्याच्याकडं बघून राह्यली. दूध बी मागंना. डॉक्टरनं औषध देलं, फरक न्हाई. कानामागं पाह्यलं — काहीच न्हाई. बोट लावलं तर तेवढीच जागा माठावानी गार...

चौथ्या दिवशी सकाळी तिला कडंवर घेऊन भावजीकडं गेले.

"त्या किडकाला काढायचं कसं लिहेल हाय?"

"जोरात ओढायचं."

"ओढू नका भावजी. मुंडकं आत राह्यतं, मंग तिथं पिकतं. गोड तेल लावायचं अन् थांबायचं."

"वैनी, खेळ हाय हा."

"असू द्या. लिवा."

माझ्या तोंडाकडं पाहून त्यांनी आधीचं खोडलं. "किती वेळ थांबायचं?"

"ते सोडीस्तोर."

त्यांनी लिहून पेन ठिवला अन् पिंकी रडली. असं रडली की शेजारीन डोकावली. तशीच रडत रडत दूध प्याली. सासूबाई आतून म्हनल्या, "काहून रडवून राह्यली गं लेकराला?"

तेल मी लावलंच नव्हतं. भावजी म्हनतात योगायोग, डॉक्टर म्हनले अशक्तपना. आसंल. मला अजून उमगलं न्हाई. ती वही मी भावजीकडून मागून घेतली, चुलीत घालायची म्हनून. दोनदा चुलीपस्तोर नेली... पन काढायचा उपाव बी त्याच्यातच लिहेल हाय. पिंकी आता शाळंत जाती. वही तिच्या जन्माच्या दाखल्यासंगं पेटीत हाय.