तीनदा विसळलेली बाटली

माझा थोरला भाऊ इंद्रभान भित्रा. हे मी त्याला तोंडावर सांगायची, अजूनही सांगते. पण त्याची भीती उगाच नव्हती.

लोणारच्या अलीकडचं आमचं गाव. आम्ही बौद्ध झालो होतो, मग महाराष्ट्र राज्यही झालं, गावची विहीर मात्र होती तशीच राहिली. आईने, पंचफुलाबाईने, घागर घेऊन ओट्याच्या पायऱ्यांखाली उभं राहायचं आणि वरच्या कुणाला दया आली तर त्याने उंचावरून पाणी ओतायचं. विहीर गावचे मोठे जमीनदार शेषराव यांच्या घरासमोर, आणि आई राबायची तीही शेषरावांच्याच शेतात.

इंद्रभान एम.एस्सी. झाला आणि विद्यापीठातल्या एका सरांच्या संशोधन गटात लागला. लोणारच्या तळ्याचं खारं पाणी भोवतालच्या विहिरींत झिरपतं का, हे त्यांना तपासायचं होतं. पहिली फेरी नीट पार पडली तरच जागा पक्की, असं सरांनी बजावलं होतं. आम्हाला केवढा आनंद! तो मात्र गप्प गप्प. आमच्या गावची विहीरही तपासायची आहे, हे त्याला कळलं होतं.

जीप आली तेव्हा आई आणि मी रिकामी घागर घेऊन विहिरीच्या ओट्याखाली उभ्याच होतो. सर उतरले, दोन विद्यार्थी उतरले, आणि सगळ्यांत शेवटी अंग चोरून आमचा इंद्रभान. बघता बघता गाव जमलं.

“हे तुझंच गाव ना?” सर खुशीत म्हणाले. “मग ही बाटली तू भर.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, कदाचित जागाही जाणार. हो म्हणावं तर जीप घटकाभरात निघून जाणार आणि आम्ही मायलेकी इथेच राहणार. एवढ्या शिकलेल्या सरांना हे कळू नये, याचा मला तेव्हा राग आला आणि आजही येतो.

“सर, दुसऱ्या कुणी भरली तर...”

“ज्याचं काम त्याने करावं,” सर म्हणाले आणि जीपमधलं सामान काढायला वळले.

शेषराव आईजवळ आले. आवाज अगदी हळू. “पंचफुले, पोराले समजाव. उद्या हे साहेब लोक नसतीन इथं.”

आता आई नको म्हणणार, अशी माझी खात्रीच झाली.

“हाव, मालक,” आई म्हणाली. “मी आहो नं इथं.” मग मान वर करून ओरडली, “काऊन थांबला रे इंद्रभान? काढ नं!”

तो पायऱ्या चढला. दोरीला बांधलेली बाटली आत सोडताना त्याचे हात इतके कापत होते, की ती दगडांवर ठणठण आपटत गेली. फुटली तर सुटलो, असंसुद्धा माझ्या मनात आलं. पण ती भरून वर आली. त्यांच्या कामाची रीत अशी, की बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, ते पाणी फेकायचं आणि मग भरायची. तो पहिलं पाणी फेकणार, इतक्यात आई घागर घेऊन पुढे झाली.

“सांडू नको. मह्या घागरीत टाक.”

जीप समोर उभी होती, म्हणून कुणी आडवं आलं नाही. तो पायरीवर खाली वाकला आणि त्याने ते पाणी जवळून, हळूच घागरीत ओतलं. तीनही वेळा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग बाटली भरली आणि जीप निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत तो मागे वळून आमच्याकडेच बघत होता.

घरी येताच आईने आतून कडी लावली. तळाशी जेमतेम आलेलं ते पाणी आधी मला दिलं, मग ती प्याली. बाहेर पावलं वाजली की आम्ही श्वास रोखून बसायचो.

“आई, उद्या कामाले बोलावतीन काय?”

“नाही बोलावत.” तिने रिकामी घागर दाराशी ठेवली. “पण पाणी तं लागनच. उद्या मीच चढीन वर.”

मी घाबरून तिचा हात धरला. तो इंद्रभानच्या हातासारखाच कापत होता.