वोमंदीच्या हातची रताळी

सकाळी डोंगरावरून धुकं उतरलं की वोमंदीला शेजारची घरं दिसत नसत, आणि हल्ली तिला ते बरंच वाटे. राखेत रताळी पुरून, कुडापलीकडच्या डुकरिणीला सालं टाकत ती बसली होती. तेवढ्यात दाराच्या फळीवर काठीनं टकटक झाली.

या गावात कुणी दार वाजवत नाही. आवारातूनच हाक मारतात. दार वाजवणाऱ्याला तिचं नाव चारचौघांत घ्यायचं नसणार, हे तिला उठायच्या आतच कळलं.

बाहेर गोइंबा उभा होता, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो तिच्या पाठीवरच्या झोळीत मावायचा.

"ये की आत. रताळी भाजलीत."

"नको वहिनी. पोट गच्च आहे."

त्याच्या तोंडाला झोपेचा वास होता. उठल्यापासून त्यानं काही खाल्लेलं नव्हतं.

"उद्या आमच्या पोरीच्या लग्नाचं जेवण," तो पायाकडे बघत म्हणाला. "तापल्या दगडांच्या खड्ड्यात भाजायला बायका रताळी आणतायत. तुम्ही त्रास घेऊ नका. डुक्कर तेवढं पाठवा."

"डुक्कर चालतं?"

"म्हणजे काय, चालतंच की."

"ते कशावर पोसलंय, विचारलंस का? माझ्याच रताळ्यांवर."

गोइंबाला हसू आलं आणि त्यानं ते मिशीत दाबलं.

गोष्ट घुबडाची होती. वोमंदीच्या वाफ्यांना लागून कमरेएवढं गवत होतं, त्यात एका पांढुरक्या तोंडाच्या घुबडानं जमिनीवरच घर केलं होतं. नवरा गेला तेव्हापासून संध्याकाळी बोलायला कुणी नसे. ती चुलीसाठी काटक्या वेचत उभी राही आणि ते गवतावरून आवाज न करता सरकत जाताना बघे. मग खालच्या घरातलं एक मूल तापानं गेलं. त्या आठवड्यात ते घुबड त्यांच्या कुंपणावर बसलेलं कुणीतरी पाहिलं होतं. वोमंदी चेटूक करते, घुबड तिचंच, अशी कुजबुज सुरू झाली; तोंडावर मात्र कुणी काही म्हणालं नाही. फक्त तिनं दिलेलं घेऊन बायका "नंतर खाते" म्हणू लागल्या, आणि पुढे वळणावर ते डुकरांना टाकू लागल्या.

"त्या गवताला काडी लावा ना," गोइंबा आता हळू आवाजात म्हणाला. "पाखरू जाईल. लोकांची तोंडं बंद होतील."

"आत पिल्लं आहेत. पंख फुटले की आपणच जातील."

"तुम्हाला पिल्लांचं पडलंय."

"जाळलं तर उद्या म्हणतील, बघा, आपलं चेटूक लपवायला जाळलं. आणि उंदीर कोण खाणार, तुझी बायको?"

"माझ्या मनात काही नाही, वहिनी. पण बायको म्हणते, घरात लेकरं आहेत."

"मला माहीत आहे तुझ्या मनात काही नाही. म्हणून तर तुलाच पाठवलं."

तो काठीनं माती उकरत राहिला. धुकं विरत होतं. सुरूच्या झाडांखाली दोघी जणी पाटी घेऊन थांबल्या होत्या, आणि इकडेच बघत होत्या. वोमंदीला वाटलं, दार लावून घ्यावं, डुक्करही देऊ नये. पण जिचं लग्न होतं त्या पोरीला तिनंच चालायला शिकवलं होतं. आणि उद्या वोमंदीच घरात बसली, तर परवापासून कुणी दारसुद्धा वाजवणार नाही.

"डुक्कर सोडवून ने," ती म्हणाली. "खड्ड्यासाठी रताळी नाही आणत. गवत मात्र जाळणार नाही."

गोइंबानं मान डोलावली. कुडाकडे निघाला, तशी तिनं त्याला थांबवलं.

"एक कर. उद्या मी माझ्यापुरती रताळी घरून पानात बांधून आणीन. जेवताना माझ्या शेजारी बस आणि माझ्या पानातलं खा, सगळ्यांना दिसेल असं."