माग चालू, गाणं चालू

सोलापुरात "मी ऑपेरा शिकते" असं नुसतं सांगून बघा. वर्षभराचे किस्से आठवड्यात जमतात! आमच्या घरात तेलुगू-मराठीची खिचडी, आणि मी गाते इटालियन. तेही ऑनलाइन, डब्लिनच्या नीव नावाच्या मुलीकडून. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. सकाळी कॉफी शॉपमध्ये कप धुते, संध्याकाळी ऑपेराच्या कोरसमध्ये उभी राहते.

*

मामेबहिणीचा साखरपुडा. सगळे मागं लागले, "गा की गं!" साउंडवाल्यानं माईक दिला, मी परत केला. ऑपेरात माईक नसतो.

त्याचा चेहराच पडला. "ताई, नवाकोरा हाय वो!"

"असू दे की. मला लागत न्हाय."

गायले. सगळ्यात वरचा सूर लावला, तशी आत्या धावत आली, "अगं बाई, विंचू चावला का काय?"

गाणं पुरं करूनच खाली उतरले. आत्यासाठी सूर कोण सोडतंय!

*

नीवला एका दिग्दर्शकानं तोंडावर सांगितलं, "तुझा आवाज फार मोठा आहे, जरा आवर." ती म्हणाली, "आवाज आहे एवढाच राहील. तुम्ही हॉल मोठा बघा."

पुढच्याच महिन्यात इथल्या एका स्पर्धेत परीक्षक मला म्हणाले, "मुलीच्या जातीनं एवढा आवाज काढू नये." मी नीवचं उत्तर मराठीत ठोकून दिलं! बक्षीस गेलं. जाऊ दे. घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

*

नीवनं ताकीद दिली, तिखट बंद. अम्मा तेव्हा शेंगाचटणी कुटत होती. ती मोबाइलकडं रोखून बघायला लागली.

"सांग तिला, चटणीनं आवाज बसत असता तर सोलापुरात भांडणं झाली असती का?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. नीवनं अम्माच्या खलबत्त्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं, एक चमचा."

*

मग डब्लिनच्या ज्या संगीत कॉलेजात मी अर्ज केला होता, त्यांचं पत्र आलं, स्कॉलरशिपसकट. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नायना, म्हणजे माझे वडील, एकदम म्हणाले, "न्हाय. गाणं म्हणायला पोरगी परदेशी धाडायची?"

मी भांडले. लई भांडले. "जाणार म्हणजे जाणार!"

नायनांचा टॉवेलचा कारखाना आहे, बारा माग. खडखडाट असा की कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात. नायना उठले. "चल तर मग. माग चालू ठेवून गा. पार टोकाच्या मागापाशी मला ऐकू आलं तर जा."

बाराच्या बारा माग चालू. मी दारात, नायना पार टोकाला, माझ्याकडं पाठ करून. खरं सांगते, कुठल्या स्टेजवर एवढी भीती वाटली नाही. आणि राग तर भीतीच्या दुप्पट. त्या रागातच गायले, पायाच्या अंगठ्यापासून जोर लावून गायले. कामगार माना वर करून बघायला लागले. नायनांची पाठ मात्र हलली नाही.

गाणं संपलं. मी घामाघूम. नायना सावकाश चालत आले, मला बाहेर अंगणात घेऊन गेले.

"ऐकू न्हाय आलं," म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

ते परत आत निघाले, दारात थांबले. "आन् शेवटी दम का सोडलास गं? चांगली वर गेली होतीस की!"