धोंडुबाईचा शेवटचा डाव

कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमला स्वतःच्या आईचं नाव देणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच निघाला असेल, तो म्हणजे कमळाकर गावंड. सत्त्याण्णव साली दिवाळीच्या सुट्टीत पेणला स्पर्धा भरली. माणसांनी नाही, प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बुद्धिबळ खेळायचं, माणसांनी फक्त पटावर मोहरी हलवायची. भिंतीवर आठ नावं लावली होती. पुण्याचं 'वज्र', ठाण्याचं 'स्टॉर्म', मुंबईची दोन-तीन इंग्रजी नावं आणि मधोमध 'धोंडुबाई, रोहा'. कॉलेजची पोरं वाचून फिदीफिदी हसली. कमळाकरला त्याचं काही वाटलं नाही. फॉर्मवर नावाची जागा होती, आणि त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

हसायला तो आलाच नव्हता. धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो चौदा वर्षं ऑपरेटर होता. ज्या प्लांटवर तो उभा राहायचा तिथल्या वाफेने आधी त्याची नखं पिवळी पडली, मग आवाज बसला, मग जिना चढताना छाती वाजायला लागली. रोह्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि स्पष्टच सांगितलं, "गावंड, ती जागा सोडा. आणखी दोन-तीन वर्षं तिथं काढलीत तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही." जागा सोडा म्हणणं सोपं असतं. नोकरी सोडून खायचं काय, याचं औषध डॉक्टरांच्या कपाटात नसतं.

कंपनीत एकच जागा अशी होती जिथे वाफ पोचत नव्हती: ऑफिसातली कॉम्प्युटरची खोली. काचेचं दार आणि आत थंड हवा. तिथे माणूस घ्यायचा होता, पण डिग्रीवाला. कमळाकर मॅनेजरसाहेबांकडे गेला आणि आपण कॉम्प्युटर शिकलोय, बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिलाय, असं म्हणाला. साहेब आधी हसले, मग पेणच्या स्पर्धेचं पत्रक बघून म्हणाले, "पहिल्या तिनांत ये. म्हणजे वरच्यांना दाखवायला माझ्या हातात काहीतरी राहील. मग तुला आत घेतो." साहेब शब्दाचे पक्के होते, हे सगळ्या कामगारांना ठाऊक होतं. कमळाकरचा जीव त्या दिवसापासून तिसऱ्या नंबरावर टांगलेला होता.

शिकला कुठे, तर रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, इकबालभाईंच्या क्लासात. इकबालभाई कुवेतला होते. तिथली लढाई सुरू झाली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले, आणि पुढे भावाने पाठवलेल्या दोन मशिनींवर घराच्या ओटीत क्लास काढला. विद्यार्थी यथातथाच. कमळाकर पहिली शिफ्ट संपली की सायकल थेट तिकडे वळवायचा. दोघांना बुद्धिबळाचं वेड सारखंच, त्यामुळे शिकवणी कमी आणि डाव जास्त व्हायचे. इकबालभाईंची बायको हलीमा चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "दोगं म्हातारे व्हाल, तुमचा डाव काय संपनार नाय." चार वर्षांत त्यातून धोंडुबाई तयार झाली.

कमळाकरला खेळ बापाने शिकवला होता. हिरामण गावंड पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात राबायचा, आणि दुपारच्या वेळी झोपडीत कोळशाने पट आखून खेळायचा. त्याचा खेळ गावठी. प्यादं एका वेळी एकच घर चालायचं. राजाला एकदाच घोड्याची उडी मिळायची. प्यादं पार टोकाला पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं व्हायचं: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, मधल्या दोन घरांत वजीर. आणि एक गोष्ट हिरामण फार मानायचा. समोरच्याने डाव सोडतो म्हटलं तरी सोडू द्यायचा नाही. मात करून दाखवायची. मात न करता उठलेल्या माणसाला जिंकलो म्हणायचा हक्क नाही, असं तो म्हणायचा, आणि खाडीकाठच्या पाच गावांत त्याला कुणी खोडून काढलं नव्हतं.

जगात खेळ वेगळा चालतो हे कमळाकरला माहीत होतं, तो काही खुळा नव्हता. त्याने मुंबईहून नियमांचं इंग्रजी पुस्तक मागवलं. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, ते घातलं. राजा-हत्तीची अदलाबदल घातली. पुढच्या पानावर होतं, की प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याची बढती होते. हे तर आपल्याला लहानपणापासून येतंय, असं म्हणून त्याने पान उलटलं. त्याच पानाच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, की प्यादं कुठल्याही घरात पोचो, हवं ते मोहरं घ्या, बहुतेक जण वजीरच घेतात. पुण्या-मुंबईच्या माणसाकडून ही चूक झालीच नसती, कारण त्याला दुसरा नियम माहीतच नसतो. कमळाकरने प्रोग्रॅममध्ये बापाचा नियम लिहिला. इकबालभाईंशी शेकडो डाव झाले, त्यांत प्यादी हत्ती झाली, उंट झाली, आणि दोघांनाही ते बरोबरच वाटलं. इकबालभाईसुद्धा तोच गावठी खेळ खेळत मोठे झालेले. चूक पकडायला तिसरा माणूसच नव्हता.

स्पर्धेला मशीन न्यायची म्हणून इकबालभाईंनी ओळखीच्याचा टेम्पो आणला. मशीन गोधडीत गुंडाळून कमळाकर मागे तिच्याशेजारी बसला. नागोठण्यापर्यंत तो खोकत होता. सगुणा, त्याची बायको, पुढे डबा घेऊन बसली होती आणि दर खोकल्याला मागे वळून बघत होती.

दोन दिवस आणि पाच फेऱ्या. धोंडुबाई पहिला डाव हरली, तेव्हा कमळाकरच्या तोंडचं पाणी पळालं. मग मात्र ती शहाण्यासारखी खेळली. सावकाश, एकेक प्यादं जपत, समोरच्याला हात घालायला जागा न देता. दुसरा, तिसरा, चौथा असे तीन डाव तिने ओळीने मारले. एका डावात प्यादं टोकाला गेलं, तेही नेमकं राजाच्या घरात, आणि वजीर झालं. शेवटच्या फेरीआधी हिशेब साधा होता. जिंकली तर तिसरा नंबर. बरोबरी झाली तर चौथा.

शेवटचा डाव पुण्याच्या 'वज्र'शी होता. त्यांच्या बाजूने मोहरी हलवायला मनस्वी नावाची इंजिनीअरिंगची मुलगी बसली होती. पोर सरळ होती, उगाच तोरा नाही. अडीच तासांत मोहरी संपत आली. पटावर तीनच उरली: दोन्हीकडचे राजे, आणि कमळाकरचं एक प्यादं, शेवटच्या घरापासून एका पावलावर. काळा राजा लांब पडला होता. त्या प्याद्याला अडवणारं आता कुणी नव्हतं. बाकीचे डाव संपलेले, त्यामुळे सगळे या टेबलाभोवती जमले. इकबालभाईंनी टोपी काढून हातात घेतली होती. सगुणा दाराशी उभी होती. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण इकबालभाईंचा चेहरा वाचता येत होता.

मनस्वीने पटाकडे पाहिलं आणि हसून हात पुढे केला. "काका, आता काही उरलं नाही. आम्ही डाव सोडतो. चालेल ना?"

त्या क्षणी कमळाकरने तो हात धरायला हवा होता. हात धरला असता की तिसरा नंबर, काचेचं दार, थंड हवा. पण चौदा वर्षं वाफेत उभ्या राहिलेल्या माणसाला आज पहिल्यांदा चार माणसं बघत होती. अशी अर्धी जीत त्याला नको होती. त्याची छाती भरून आली होती, आणि या वेळी ती खोकल्याने नव्हे.

"नाय," तो म्हणाला. "सोडायचा नाय. मात होऊ दे."

मनस्वीने खांदे उडवले, हात मागे घेतला आणि आपल्या राजाची चाल केली. कमळाकरने ती चाल मशीनला दिली. पंचही मात बघायला त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर उत्तर आलं. प्यादं शेवटच्या घरात. ते घर घोड्याचं होतं. पुढे मोहऱ्याचं अक्षर होतं, घोड्याचं.

कमळाकरने प्यादं उचललं आणि घोडा ठेवला. त्याला आधी काही वावगं वाटलंच नाही, हीच तर खरी गंमत, जर तिला गंमत म्हणायची असेल. मागून कुणीतरी "अहो, वजीर घ्या ना!" म्हणालं. मग दुसरा हसला. मग पंच वाकून म्हणाले, "वजीर का नाही घेतला तुमच्या प्रोग्रॅमने?"

"घोड्याच्या घरात वजीर कसा व्हईल?" कमळाकर म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला कळलं. न वाचलेली ती ओळ त्याला आता आठवणारही नव्हती, पण ती होती, एवढं कळलं.

एकटा राजा आणि एकटा घोडा मिळून मात होत नाही. कितीही खेळा. पंचांनी नियम सांगितला: ऑपरेटरने मशीन सांगेल तेच खेळायचं. डाव बरोबरीत.

"पन हिनी आधी डाव सोडला होता," इकबालभाई पुढे झाले. "मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं."

पंचांनी मनस्वीकडे पाहिलं. ती गोंधळली. "मी विचारलं होतं. काका नाही म्हणाले."

"तुम्ही नाही म्हणालात?" पंचांनी कमळाकरला विचारलं.

इथे तो खोटं बोलू शकला असता. कुणी फार खोलात गेलं नसतं, पोरीनेही सोडून दिलं असतं. तो पटाकडे बघत म्हणाला, "व्हय. मी नाय म्हनालो."

सगुणा दाराशी होती. हॉलमधल्या गलक्यात तिला यातलं काही ऐकू आलं नाही. नंबर हुकला एवढंच तिला कळलं.

परतीच्या वाटेवर इकबालभाई स्वतःच्या कपाळाला हात लावत राहिले. "मी पन बघितलं नाय रे. मशीनमधी चूक राहिली." दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सहा ओळी बदलल्या. दहा मिनिटांचं काम. साहेबांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, मशीन ऐन वेळी दगा देते, पुढच्या वर्षी बघू. खोलीत डिग्रीवाला माणूस आला. पुढच्या वर्षी स्पर्धा भरलीच नाही. कमळाकर शिफ्टला जात राहिला.

सगळ्यांनी दोष मशीनला दिला. सगुणाने तर जास्तच. इकबालभाईंच्या ओटीवरून जाताना ती त्या मशीनकडे बघून बोटं मोडायची. "मेल्या डबड्यानं माझ्या घराचं वाटोळं केलं," असं हलीमाला दहादा सांगायची. कमळाकर ऐकायचा आणि गप्प बसायचा.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर त्याला अष्टमीचा पूल एका दमात ओलांडता येईना. मध्येच कठड्याला धरून उभा राहायचा. मग शिफ्टला जाणं सुटलं, पगार अर्ध्यावर आला. एका दुपारी तो खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होता. सगुणा त्याची पाठ चोळत होती आणि सवयीने त्या मशीनला शिव्या देत होती.

"मशीनला नको बोलूस गो," तो म्हणाला. थांबत थांबत त्याने सगळं सांगितलं. पोरीने हात पुढे केला होता. डाव जिंकलेला होता. 'नाय' मीच म्हणालो. मला मात बघायची होती.

सगुणाचा हात त्याच्या पाठीवर थांबला. तिला राग आला होता की रडू, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"हे मला सांगायचं नव्हतं तुमी," ती शेवटी म्हणाली. "वरीसभर मी त्या मशीनला शिव्या घातल्या, त्यावर माझा दिवस जायचा. आता कुनाला घालू?"

थोड्या वेळाने ती पुन्हा त्याची पाठ चोळायला लागली.